हंगाम सरताना येणारे कोंब आणि आमची रोपवाटिका

आमची रोपवाटिका पहिल्यापासून फक्त बांबूची. फळझाडं नाहीत, हंगामी फुलं नाहीत. दोघा भावांनी सुरू केलेला धंदा. भांडवल म्हणजे थोडी जागा, काही जुनी बेटं आणि त्यांचे कंद फोडून तयार केलेली रोपं. एका गवतावर धंदा चालतो का, असं ओळखीचे लोक विचारायचे. बांबू हे गवतच आहे, भात-गव्हाच्या कुळातलं, त्यामुळे टोमणा शास्त्रशुद्ध होता!

धंद्याला खरं वळण मिळालं ते गिऱ्हाइकांच्या एका प्रश्नामुळे. वाढीचा हंगाम संपत आला की फोन वाढायचे. सगळं शांत झालं असं वाटत असताना बेटात पुन्हा कोंब दिसायला लागतात, आणि लावणारा गोंधळतो. कुणाला वाटतं रोप आजारी आहे, कुणाला वाटतं दुप्पट फायदा झाला. एक गृहस्थ तर म्हणाले, "तुमच्या बांबूचं म्हणजे वरातीमागून घोडं!" सुरुवातीला आम्ही प्रत्येकाला फोनवरच समजावत होतो. मग लक्षात आलं की रोप विकताना जे सांगायला हवं, तेच आपण विकल्यावर सांगतोय. तेव्हापासून प्रत्येक रोपासोबत त्याच्या जातीची माहिती छापून देतो, आणि त्यात पहिली ओळ असते ती कोंब कधी येतात याची.

कारण सगळे बांबू एका वेळापत्रकानं चालत नाहीत. फिलोस्टॅकिससारखे थंड हवामानातले, जमिनीखाली लांब धावणाऱ्या कंदाचे बांबू वसंतात कोंब काढतात. त्यांचा कंद उन्हाळ्यात आणि त्यानंतर पसरतो. वर काठी वाढण्याचे आणि खाली कंद धावण्याचे दिवस वेगळे. बांबुसा आणि डेंड्रोकॅलॅमस या उष्ण प्रदेशातल्या, बेटानं वाढणाऱ्या जातींचं उलट आहे. ऊब आणि ओल जमून आल्यावरच त्यांच्या कंदावरचे डोळे फुगतात, म्हणून त्यांचे कोंब भर पावसात आणि हंगामाच्या उत्तरार्धातच येतात. त्यांच्या बाबतीत 'उशीर' हा शब्दच चुकीचा. चिमोनोबांबुसा गटातले बरेच बांबू तर थंडीच्या तोंडावर कोंब काढतात, त्यांतला चौकोनी काठीचा बांबू शौकिनांना फार आवडतो. हा बांबू नेणाऱ्याला आम्ही दोनदा सांगतो: वसंतात वाट बघू नका.

खरा उशिराचा कोंब म्हणजे आपल्या जातीची वेळ सोडून आलेला. त्याची कारणं शोधायला आम्हाला लांब जावं लागलं नाही, आमच्याच कुंड्यांमध्ये ती होती. धावणारा कंद कुंडीच्या भिंतीला अडला की टोक वर वळवतो आणि त्या टोकाचाच बारीक कोंब होतो. कोरड गेल्यावर एकदम भरपूर पाणी मिळालं, किंवा हंगामाच्या शेवटी नत्राचा मोठा हप्ता दिला, तरी झोपलेले डोळे जागे होतात. असे कोंब बहुधा मुख्य बहरातल्या, म्हणजे जातीच्या नेहमीच्या वेळी आलेल्या, कोंबांपेक्षा बारीक असतात. आणि बांबूची काठी नंतर जाड होत नाही. कोंब जमिनीबाहेर येतो तेव्हाच तिची जाडी ठरलेली असते. पुढे पेरं लांबत जातात आणि साधारण दोन-तीन महिन्यांत उंची पूर्ण होते. मग फांद्या आणि पानं.

इथंच उशिराच्या कोंबाची अडचण. कोंबाला स्वतःची पानं नसतात, तो वाढतो जुन्या काठ्यांनी आणि कंदानं साठवलेल्या पिष्टावर. मुख्य बहरानं ते साठे बरेचसे उपसलेले असतात. त्यात कोंबाच्या वजनाचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग पाण्याचा, म्हणजे काठी कठीण होण्याआधी गोठवणारी थंडी पडली की टोक काळं पडून बसतं. काही कोंब थंडीची वाटही बघत नाहीत, अर्ध्या वाटेवर थांबून कुजतात. चीनमधल्या मोसो या मोठ्या बांबूच्या बागांमध्ये शेवटच्या टप्प्यातले बरेच कोंब असे आपोआप मरतात, म्हणून तिथले बागाईतदार सुरुवातीचे जोमदार कोंब काठीसाठी राखतात आणि शेवटचे काढून घेतात.

म्हणून उशिराचे कोंब काढून टाका, असा सल्ला सर्रास दिला जातो. आम्हाला तो पटत नाही, निदान सरसकट तरी नाही. आधी कोंब जिवंत आहे का ते बघावं. पहाटे जिवंत कोंबाच्या आवरणांच्या टोकांवर पाण्याचे थेंब दिसतात. ते दिसेनासे झाले, उंची थांबली आणि आवरण ओढल्यावर सहज सुटून आलं, की तो गेला. तो खुशाल काढा. वाढणाऱ्याला मात्र हात लावू नये. उष्ण प्रदेशातल्या मोठ्या जातींची उशिराची काठी उंच, सरळ आणि बिनफांद्यांची तशीच थांबते आणि पुढच्या हंगामात पानं धरते. उंची पूर्ण झाल्यावर शेंडा गेला तरी खालच्या डोळ्यांतून फांद्या फुटतात. वाढ चालू असताना शेंडा मेला, तर मात्र ती काठी बहुधा संपली.

फार्जेसिया निटिडा या जातीनं आमची चांगलीच परीक्षा घेतली. तिच्या नव्या काठ्या पहिल्या वर्षी पानांशिवायच राहतात, दुसऱ्या वर्षी पानं येतात. वेळेवर आलेल्या काठीचंही असंच. गिऱ्हाईक म्हणायचं, वाळकी काठी पाठवली, पैसे परत द्या. आम्ही वाद घातला नाही. रोप बदलून दिलं आणि परत आलेलं जवळ ठेवलं. पुढच्या वर्षी त्याच रोपाचे फोटो पाठवले, तेव्हा त्यातल्या काहींनी आणखी रोपं मागवली.

या सगळ्यातून आमच्या कामाची पद्धत बदलत गेली. आता प्रत्येक काठीवर ती कोणत्या सालची, ते रंगानं लिहितो. मोसोच्या बागांमध्ये काठीवर साल टाकण्याची रीत जुनी आहे, तीच उचलली. त्यामुळे रोपाची किंमत उंचीवर न ठरता त्यात पूर्ण पानं धरलेल्या किती काठ्या आहेत यावर ठरते. उंचीवर विकणं सोपं असतं, पण उशिराच्या एका उंच, बोडक्या काठीनं रोप भारदस्त दिसतं आणि कंदात साठा नसतो. लावणाऱ्याला ते पुढच्या हंगामात कळतं, आणि तेव्हा नाव आमचं जातं.

खतातही फरक केला. नत्र मुख्य बहराआधी आणि बहरात. हंगाम उतरणीला लागला की बंद, तेव्हा भर पालाशावर. गळलेली बांबूची पानं झाडून काढत नाही, बुंध्याशीच राहू देतो. त्यांतलं सिलिका मातीत परत जातं आणि कंदावर पांघरूणही होतं. कंद फोडायचं काम डोळे फुगलेले असताना, पण कोंब यायच्या आधी करतो. कोवळा कोंब असलेला कंद फोडायला गेलं की कोंब बुडख्याशी मोडतो. हे काम हातावर बसलेला माणूस आमच्याकडे एकच आहे, धाकटा भाऊ, म्हणजे मी. त्या दिवसांत मी कुणाचा फोन घेत नाही.

सगळ्यात जड गेला तो एक नियम. उशिराचा कोंब चालू असलेलं रोप त्या हंगामात विकायचं नाही. वाहतुकीत कोंब हमखास मोडतो, आणि नव्या जागी रुजायला लागणारी ताकद रोप आधीच खर्च करून बसलेलं असतं. घाऊक मागण्या नेमक्या याच काळात येतात, त्यामुळे काही कामं हातची गेली. मोठा भाऊ अजून कधीकधी म्हणतो की नियमात थोडी सवलत ठेवावी, ओळखीच्या गिऱ्हाइकांपुरती. मी नाही म्हणतो. अशा रोपांना आम्ही लाल फीत बांधतो, वाऱ्यापासून आडोशाला ठेवतो, बुंध्याशी पाचट घालतो. पुढच्या हंगामात पानं धरली की फीत काढून ती विक्रीच्या रांगेत येतात. हवं त्यानं त्याआधी बयाणा देऊन नाव घालावं. रोप मात्र पानं आल्यावरच मिळेल.