तुम्ही विचारलंत म्हणून: संपादक नक्की करतो काय?

"लेखकाने सगळं लिहूनच दिलेलं असतं ना, मग तुम्ही काय करता, शुद्धलेखन तपासता का?" हा प्रश्न मला इतक्या वेळा येतो की आता एकदा नीट लिहूनच टाकते.

शुद्धलेखन तपासते, हो, पण ते बरंच नंतर. हस्तलिखित आलं की पहिल्यांदा मी ते पेन्सिल न उचलता सलग वाचते, कुठे रेंगाळले, कुठे पानं भराभर उलटली, कुठे मागे जाऊन बघावं लागलं की अरे हा कोण होता. मग रचना. वाक्यांना हात त्यानंतर आणि प्रुफं सगळ्यात शेवटी, कारण जे पान उद्या उडणारे त्यातले ऱ्हस्व-दीर्घ आज सुधारून काय उपयोग?

रचनेचं काम केवढं असू शकतं बघा. अमेरिकन लेखिका हार्पर ली यांनी १९५७ मध्ये दिलेल्या कादंबरीत नायिका मोठी झालेली होती, संपादक टे हॉहॉफ यांनी तिच्या लहानपणाकडे वळायला सुचवलं, पुढे दोनेक वर्षं पुनर्लेखन चाललं आणि १९६० मध्ये 'टू किल अ मॉकिंगबर्ड' आलं. तो जुना खर्डाही २०१५ मध्ये छापला गेलाय, दोन्ही शेजारी ठेवून वाचाच. लिहिलं लेखिकेनेच, सगळं.

माझ्याकडे प्रत्येक पुस्तकाची एक वही असते, त्यात पात्रांची वयं, नाती, कुठला प्रसंग कुठल्या महिन्यात. एका कादंबरीत नायिकेला जूनमध्ये दिवस गेले आणि बाळ झालं पुढच्या मे महिन्यात. बोटांवर मोजलं, अकरा महिने! जूनचा ऑगस्ट केला की काम झालं असतं, पण पहिल्या पावसाचा तो प्रसंग हलवायला माझा हात धजेना, म्हणून समासात फक्त लिहिलं, 'अकरा महिने होतायत, बघाल का?' दोन दिवसांनी लेखिकेचा फोन. म्हणाल्या, "तिचं पहिलं टिकलं नव्हतं हो, ते लिहायचंच टाळलं मी." मग अडीच पानं आली त्यांची, आणि मी त्यात एका स्वल्पविरामाशिवाय कशालाच हात लावला नाही.

गुपचूप बदललं असतं तर ती पानं कधी आलीच नसती, म्हणून मी हल्ली दुरुस्त्या कमी आणि प्रश्न जास्त लिहिते. सुरुवातीला असं नव्हतं, एका पुस्तकातल्या म्हातारीची बोली मी सगळी प्रमाण करून टाकली होती, लेखक एवढंच म्हणाले की माझी आजी अशी बोलत नाही. ओळ न् ओळ परत होती तशी केली.

तेव्हा तुमचं हस्तलिखित खुणांनी भरून परत आलं तर घाबरू नका, प्रत्येक प्रश्नाला उत्तर मात्र द्या. 'आहे तसंच राहू दे' हेही चालतं, फक्त का ते सांगा.