टाउन हॉलचे वय

आमच्या तालुक्याच्या गावातील टाउन हॉल राज्य संरक्षित स्मारक व्हावा, यासाठी मी पाठवलेला पहिला प्रस्ताव एका आकड्यापायी दुरुस्तीसाठी परत आला. आकडा माझाच होता. फुटकी कौले उतरवताना एका कौलाच्या पाठीवर कौले बनवणाऱ्या बासेल मिशनचे नाव आणि १८६५ हे साल उठावात दिसले, आणि मी बेधडक ‘बांधकाम १८६५’ असे लिहून टाकले. पाहणीला आलेल्या पुरातत्त्व विभागाच्या अधिकाऱ्यांनी ते कौल उलटसुलट पाहून सांगितले, “सर, हे मंगलोरच्या कारखान्याच्या स्थापनेचे साल आहे. पुढे कित्येक वर्षे हाच ठसा उमटत राहिला.” तीस वर्षे इतिहास शिकवलेल्या माणसाला हे गिळणे जड गेले.

मग खऱ्या सालाचा शोध सुरू झाला. जळगावच्या अभिलेख कक्षात मी चार खेपा घातल्या, पण हाती काही लागले नाही. खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे विभाजन १९०६ मध्ये झाले आणि त्याआधी आमच्या तालुक्याचा कारभार धुळ्याहून चालत असे, ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगत आलो होतो; कागदही तिकडेच असतील, हे मात्र सुचायला दोन महिने लागले. धुळ्याला बांधकामखर्चाच्या मंजुरीचे पत्र मिळाले. हॉल माझ्या समजुतीपेक्षा निदान तीस वर्षांनी धाकटा निघाला.

त्यामुळे त्याची योग्यता कमी झाली, असे मला वाटत नाही. काळ्या दगडाचे जोते, पुढे कमानींचा ओटा, अडीच फूट जाडीच्या चुन्यातल्या भिंती आणि छताला सागवानी कैच्या, अशी ही वास्तू आहे. उन्हाळ्यात बाहेर पंचेचाळीस अंश असताना आत सभा भरते, ती त्या जाड भिंतींच्या आणि वरच्या झरोक्यांच्या भरवशावर. बिघाड केला तो नंतरच्या दुरुस्तीने. पश्चिमेच्या भिंतीला कोणीतरी सिमेंटचा गिलावा चढवला होता. जमिनीतून चढणारी ओल त्यामागे अडकली, लोणा म्हणजे क्षारांचा पांढरा थर धरला आणि दगडांच्या सांध्यांतील चुना बोटाने खरवडला तरी पिठासारखा गळू लागला. आमचे म्हातारे गवंडी भिंतीला हात लावून एवढेच म्हणाले, “भाऊ, आते पानी कथाईन निंघी?” (आता पाणी कुठून निघेल?) त्यांचे हे वाक्य मी दुसऱ्या प्रस्तावात प्रमाण मराठीत, ‘बाष्पीभवनास अडथळा’ अशा सरकारी शब्दांत घातले.

मालकी पालिकेची असल्याने सर्वसाधारण सभेचा ठराव लागणार होता, आणि त्या जागेवर व्यापारी संकुल व्हावे असे मानणारे सदस्य कमी नव्हते. तो ठराव तिसऱ्या सभेत झाला. त्यातही मिळकत पत्रिकेवरचा नगर भूमापन क्रमांक आणि ठरावातला क्रमांक जुळेना, म्हणून मोजणी पुन्हा करून घ्यावी लागली. ज्यांना हा मार्ग धरायचा आहे त्यांनी छायाचित्रे काढण्याआधी हा क्रमांक तपासावा.

१९६०च्या राज्य कायद्यानुसार वास्तू संरक्षित घोषित करण्यापूर्वी दोन महिन्यांची सूचना देऊन हरकती मागवाव्या लागतात. ती सूचना हॉलच्या दारावर लागली, त्या संध्याकाळी पश्चिमेच्या भिंतीला टेकून पत्र्याची टपरी असलेला चहावाला माझ्या घरी आला. टपरी उठेल अशी त्याला भीती होती आणि हरकतीचा अर्ज कसा लिहायचा, हे ठाऊक नव्हते. तो म्हणाला, “सर, तुम्हीच लिहून द्या ना.” लोणा सर्वात जास्त होता तो नेमका त्याच्या शेगडीमागच्या भिंतीला. तरी मी कागद घेतला, त्याची हरकत त्याच्या बाजूने, जमेल तितक्या जोरकसपणे लिहिली आणि खाली त्याची सही घेतली. मुदतीत आलेली ती एकमेव हरकत.