तुम्ही विचारलंत म्हणून: सूर्यफूल रात्री मान कशी फिरवतं?

मी वनस्पतिशास्त्र शिकवते हे कळलं की लातूरकडचे आमचे पाहुणे हा प्रश्न हमखास काढतात. सूर्यफूल दिवसभर सूर्यामागे फिरतं हे समजलं, पण रात्री सूर्यच नसताना पहाटेपर्यंत ते पुन्हा पूर्वेकडे तोंड करतं, ते कशाच्या जोरावर?

प्रश्न अस्सल आहे. पाठ्यपुस्तकातलं उत्तर इथे तोकडं पडतं. एका बाजूने उजेड आला की ऑक्सिन हे संप्रेरक सावलीच्या बाजूला जास्त साचतं, तिथल्या पेशींच्या भित्ती सैल होतात, आतल्या पाण्याच्या दाबाने पेशी लांबतात आणि खोड उजेडाकडे झुकतं. पोरं हे घडाघडा म्हणून दाखवतात. पण मध्यरात्री सावलीची बाजू कुठली?

कॅलिफोर्नियात डेव्हिस इथल्या विद्यापीठात स्टेसी हार्मर यांच्या गटाने कोवळ्या खोडांवर शाईचे ठिपके देऊन वाढ मोजली. 2016 साली ते काम प्रसिद्ध झालं. दिवसा खोडाची पूर्वेकडची बाजू जास्त वाढते, रात्री पश्चिमेकडची. शेतातली रोपं आत आणून डोक्यावर एकच स्थिर दिवा ठेवला, तरी ती काही दिवस तशीच डोलत राहिली. दिवस-रात्र मिळून 30 तासांची केली, तेव्हा मात्र त्यांची लय बिघडली. म्हणजे रोपात साधारण 24 तासांचं घड्याळ आहे, आणि कुठल्या बाजूने कधी वाढायचं यात त्याचाही हात आहे.

हे घड्याळ संप्रेरकाच्या कामात नेमकं कुठे हात घालतं? हार्मर यांनीच 2007 मध्ये मोहरीच्या कुळातल्या ॲराबिडॉप्सिसवर दाखवलं होतं की ऑक्सिन तेवढंच दिलं तरी वाढ किती होईल हे वेळेवर ठरतं. मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. संप्रेरक किती आहे, यावर आपण परीक्षेत गुण देतो. पेशी त्या वेळी त्याला दाद देण्याच्या स्थितीत आहे का, हे कुणी विचारत नाही.

आता थोडा हिरमोड. फोटोसाठी लोक ज्या पूर्ण उमललेल्या फुलांत उभे राहतात, ती फिरतच नाहीत. फिरणं म्हणजे खोडाची वाढ. ती थांबली की मान पूर्वेकडे स्थिरावते. त्यात झाडाचा फायदाच आहे, कारण पूर्वेकडे तोंड असलेली फुलं सकाळी लवकर तापतात. डेव्हिसच्या प्रयोगात मुद्दाम पश्चिमेकडे वळवलेल्या फुलांपेक्षा त्यांच्यावर सुमारे पाचपट मधमाश्या आल्या.

तेव्हा फोटो काढायचाच असेल तर सकाळी या आणि पूर्वेच्या बांधावर उभे राहा. दाणे भरले की माना खाली जातात, मग कुठूनही काढा, पाठच दिसणार.