चार ट्रॅक आणि एक रिकामे आवर्तन

दिवाळीआधी सांगलीचे घर आवरताना माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात अकरा कॅसेटी सापडल्या. प्रत्येकीवर बाबांच्या अक्षरात क्रमांक, स्वर आणि एक शब्द लिहिलेला होता: "अभंग ३, काळी एक, दुप्पट". त्यातली एक आईच्या खोलीतल्या साध्या टेपरेकॉर्डरमध्ये घातली, तेव्हा बाबांचा आवाज एक सप्तक खाली उतरून, ओल्या चिखलातून पाय ओढत चालल्यासारखा येऊ लागला. कॅसेट उलटी करून लावली, तर तबला, पेटी, टाळ सगळेच शेवटाकडून सुरुवातीकडे वाजू लागले. आई दारात उभी राहून म्हणाली, "हे आपलंच आहे ना?"

आपलेच होते. फक्त ते साध्या टेपरेकॉर्डरसाठी नव्हते. नेहमीच्या कॅसेटच्या फितीवर एकूण चार पट्टे असतात. दोन पट्टे एका बाजूचे आणि दोन दुसऱ्या बाजूचे असतात, आणि दुसऱ्या बाजूचे पट्टे विरुद्ध दिशेने वाचले जातात. चार ट्रॅकच्या, म्हणजे चार पट्ट्यांवर वेगवेगळे मुद्रण करणाऱ्या, घरगुती यंत्रात ही "बाजू" नावाची गोष्टच नसते. चारही पट्टे एकाच दिशेने, एकाच वेळी वाचले जातात, आणि आमच्या यंत्रात फीत सेकंदाला ४.७६ सेंटीमीटरऐवजी साडेनऊ सेंटीमीटर वेगाने पळत असे. "दुप्पट" या शब्दाचा अर्थ तो होता. म्हणजे साठ मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटमध्ये फक्त पंधरा मिनिटांचे ध्वनिमुद्रण मावायचे, आणि म्हणून कॅसेटी विकत आणायला जाताना बाबांचा चेहरा महिनाअखेरीसारखा व्हायचा.

अशा प्रकारचे पहिले यंत्र, टीॲकचे पोर्टास्टुडिओ १४४, १९७९ साली आले. त्याआधी अनेक ट्रॅकवर मुद्रण करणे हे मोठ्या स्टुडिओंचे काम होते. बीटल्सनी १९६७ साली लंडनच्या ॲबी रोडवर जे काम केले तेही मुख्यतः चार ट्रॅकच्याच यंत्रांवर. पण तिथली फीत एक इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर रुंद होती, आणि कॅसेटची फीत जेमतेम ३.८ मिलिमीटर असते. तितक्याशा पट्टीवर चार समांतर रस्ते काढायचे आणि त्यांच्यामध्ये थोडे कुंपणही सोडायचे म्हटल्यावर खरखर येणारच. तरीही जानेवारी १९८२ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीनने न्यू जर्सीतल्या आपल्या घरी याच १४४ वर जी गाणी नुसती वाद्यवृंदाला ऐकवण्यापुरती मुद्रित केली, ती पुन्हा स्टुडिओत करून पाहिल्यावरही मनासारखी झाली नाहीत, आणि शेवटी त्या कॅसेटवरूनच ध्वनिमुद्रिका निघाली. माझा मामा त्याच न्यू जर्सीत राहत असे. त्याला या गोष्टीचा पत्ताही नव्हता. १९९२ च्या डिसेंबरमध्ये त्याने बाबांसाठी एका जपानी कंपनीचे चार ट्रॅकचे यंत्र आणले, ते केवळ "भाऊजींना गाण्याची आवड आहे" म्हणून.

यंत्र ११० व्होल्टचे होते. त्यासाठी बाबांनी विटेएवढ्या वजनाचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर आणला, आणि त्याची घूं मायक्रोफोनमध्ये येऊ नये म्हणून तो स्वयंपाकघरात फळीवर ठेवून तिथून वायर ओढली. मुद्रण रात्री दहानंतर व्हायचे. पंखा बंद, खिडकीला दोन गोधड्या, आणि रस्त्यावरून मोटारसायकल गेली की सगळे पुन्हा पहिल्यापासून.

या यंत्रावरची मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे वेग कमी-जास्त करणारी लहानशी खुंटी. काल मुद्रित केलेल्या पेटीवर आज गायला बसावे, तर फीत किंचित हळू किंवा जलद चालून स्वर हलका उतरलेला किंवा चढलेला असायचा. तबला हातोडीने चढवता येतो, तानपुरा मण्यांनी लावता येतो. पेटीचे मात्र पितळी सूर काही केल्या हलत नाहीत. म्हणून बाबा फीत चालू ठेवून पेटीचा षड्ज धरत आणि ती खुंटी अगदी केसाएवढी फिरवत बसत. सगळी वाद्ये पेटीला मिळवायची असतात, तशी आमच्याकडे फीतही पेटीला मिळवली जाई. आज संगणकात हेच काम आकडा टाकून होते आणि जास्त अचूक होते. पण तो आकडा काय टाकायचा हे मी पडद्यावर बघून ठरवते. बाबा डोळे मिटून ठरवत.

चार ट्रॅकवर अख्खा अभंग कसा बसवायचा, हा खरा प्रश्न होता. आमच्या घरी त्याची रीत ठरून गेली होती. पहिल्या रात्री काकांचा तबला एका ट्रॅकवर, बाबांची पेटी दुसऱ्यावर आणि आत्याचा मिरजेचा तानपुरा तिसऱ्यावर, असे तिघे एकत्र बसून वाजवत. नंतर हे तीन ट्रॅक एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे, ज्याला बाऊन्स म्हणतात, आणि मग पहिले तीन पुसून पुन्हा वापरायला मोकळे करायचे. बाऊन्स करताना यंत्राचे एक इनपुट रिकामेच राहते, तेव्हा तेवढ्यात आणखी एक वाद्य ताजे वाजवून मिसळता येते. बाबांना ही युक्ती यंत्राच्या पुस्तिकेत सापडली होती. आमच्याकडे ते वाद्य म्हणजे टाळ, आणि ते वाजवायचे आईने.

आता याचा अर्थ काय होतो, ते पाहा. तबल्याचा आवाज किती, पेटीचा किती, तानपुरा किती मागे, हे सगळे आवाजाच्या सरकत्या खुंट्या, म्हणजे फेडर, सरकवून बाबांनी त्याच क्षणी ठरवायचे, त्याच क्षणी आईने हेडफोन लावून सहा मिनिटे न चुकता टाळ धरायचा, आणि एकदा ते चौथ्या ट्रॅकवर उतरले आणि मूळ ट्रॅकवर गाणे सुरू झाले की त्यातले काहीही पुन्हा वेगळे करता येणार नाही. "अभंग ५" मध्ये तानपुरा जवळजवळ ऐकूच येत नाही. आत्या ते अजून बोलून दाखवते.

मोकळ्या झालेल्या तीन ट्रॅकपैकी पहिल्यावर बाबांचा आवाज, दुसऱ्यावर मी आणि आत्या मिळून झील धरणार, म्हणजे मागून ओळ उचलून गाणार, तिसऱ्यावर पेटीच्या भरण्याच्या जागा. हेडफोन एकच होता. त्यामुळे त्याचा डावा कान आत्याकडे आणि उजवा माझ्याकडे, आणि दोघींची डोकी मायक्रोफोनसमोर चिकटलेली. मी तेव्हा अकरा वर्षांची होते.

माझ्याकडे आज पुण्यात जे आहे त्याची यादी देण्यासारखी नाही. लॅपटॉप, दोन मायक्रोफोनचा ऑडिओ इंटरफेस, ध्वनिमुद्रणासाठी रीपर ही संगणकप्रणाली, आणि सर्वांकडे असतात तसले हेडफोन. खरखरीबद्दल तक्रार करणाऱ्याने एकदा तरी ही तुलना करावी: खरखर कमी करणाऱ्या कुठल्याही सर्किटशिवाय कॅसेटवर सर्वांत मोठा आणि सर्वांत बारीक आवाज यांत साधारण पन्नास-पंचावन्न डेसिबलचे अंतर मिळते, तर सोळा बिटांच्या डिजिटल मुद्रणात ते शहाण्णव असते आणि चोवीस बिटांत कागदावर तरी एकशे चव्वेचाळीस. तानपुऱ्याचा झंकार विरत जाताना पूर्वी खरखरीत बुडायचा. आता तो शेवटच्या थेंबापर्यंत ऐकू येतो. यात टेपचे कौतुक करण्यासारखे मला काहीही दिसत नाही. टेपचा "उबदारपणा" म्हणून जे विकले जाते, ते आमच्या घरी कोणालाही हवे नव्हते. बाबांना स्वच्छ आवाजच हवा होता, तो मिळत नव्हता एवढेच.

मला जाणवतो तो फरक वेगळा आहे. ट्रॅक चारच असल्यामुळे तीन माणसांना एका खोलीत एकाच वेळी बसावेच लागे. आता ट्रॅकना मर्यादाच नसल्यामुळे कोणालाही कोणासोबत बसण्याची गरज उरलेली नाही. गेल्या वर्षी मी एक भजन केले, त्यात तबलजी ठाण्याहून फाइल पाठवत होते आणि पेटी कोल्हापुरात वाजली. सगळ्यांनी हेडफोनमधल्या एकाच क्लिकवर, म्हणजे संगणकाच्या ठरावीक टकटकीवर, वाजवले, म्हणून सगळे अगदी जिथल्या तिथे बसले. पण भजनाची लय वर चढत जाते, आणि क्लिक तर सांगितल्याशिवाय चढत नाही. शेवटी मीच कुठल्या ओळीला किती लय वाढवायची, याचा नकाशा काढून तिघांना पाठवला. बाबांच्या "अभंग ३" ची लय मी मोजून पाहिली: सुरुवातीला मिनिटाला ८४ मात्रा आणि शेवटच्या गजरात १०४. मधली चढण कोणी आखलेली नव्हती. काका बाबांच्या भात्याच्या हाताकडे बघत होते, एवढेच.

त्या अकरा कॅसेटींकडे परत येते. यंत्र अजून घरी होते, पण उघडल्यावर आतला रबरी पट्टा वितळून काळ्या गुळासारखा चिकटलेला दिसला. तो बदलून देणारा माणूस मिळेपर्यंत मला धीर नव्हता. तेव्हा साध्या स्टिरिओ डेकवर आधी एक बाजू वाजवून ती संगणकात घेतली. ते म्हणजे ट्रॅक एक आणि दोन, निम्म्या वेगाने. मग दुसरी बाजू. ते म्हणजे तीन आणि चार, निम्म्या वेगाने आणि उलटे. संगणकात दोन्हींचा वेग दुप्पट केला, दुसरी उलटवून सुलटी केली, आणि चारही ट्रॅक एकाखाली एक मांडले. डग्ग्याचा घुमार थोडा गेला, कारण निम्म्या वेगात तो एक सप्तक खाली उतरतो आणि साध्या डेकला इतक्या खालचे नीट वाचता येत नाही. पण यंत्रातले खरखर कमी करणारे सर्किट, डीबीएक्स, बाबांनी बंदच ठेवले होते. त्याने तबल्यामागची खरखर श्वास घेतल्यासारखी आत-बाहेर होते, असे ते म्हणत. त्यांच्या त्या हट्टामुळे आम्ही तीस वर्षे जास्त खरखर ऐकली, आणि त्याच हट्टामुळे या कॅसेटी आज साध्या डेकवर ऐकण्याजोग्या निघाल्या.

अडचण पुढे होती. कोणताही डेक दोनदा अगदी सारख्या वेगाने चालत नाही. अभंगाच्या पहिल्या समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, दोन्ही बाजू जुळवल्या, तर सहा मिनिटांनी शेवटच्या समेवर त्यांच्यात जवळजवळ पाऊण सेकंदाचे अंतर पडलेले असे. गाणे एका बाजूला आणि तबला दुसऱ्या बाजूला असल्यामुळे कशाला काय जुळवायचे हेच कळेना. मग झिलीचा ट्रॅक एकटा लावून मोठ्याने ऐकला. मी आणि आत्या गप्प असलेल्या जागी, खरखरीच्या तळाशी, बारीक "छिन्, छिन्" येत होते. आमच्या दोघींच्या मधल्या त्या सैल हेडफोनमधून आईचा टाळ मायक्रोफोनमध्ये पाझरला होता. स्टुडिओत याला दोष म्हणतात. मी तीन संध्याकाळी बसून चौथ्या ट्रॅकवरच्या टाळाखाली झिलीतला हा पाझरलेला टाळ आवर्तनागणिक सरकवत नेला, आणि दोन्ही बाजू एक झाल्या.

तेव्हा ती जागा सापडली. तिसऱ्या अंतऱ्याआधी काका तिहाई (एकच बोल तीनदा) घेतात, समेवर येतात, आणि पुढचे संपूर्ण आवर्तन टाळच नाही. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा रिकाम्या जातात आणि मग टाळ पुन्हा सुरू होतो. त्याच आठ मात्रांत बाबांनी एक छोटी आलापी घेतली आहे, जी दुसऱ्या कुठल्याच अंतऱ्याआधी नाही. मी आधीच्या आवर्तनातला टाळाचा तुकडा उचलून त्या रिकाम्या जागी बसवून पाहिला. त्यात तबलाही आला, पण ठेका तोच असल्यामुळे सांधा कळत नव्हता. हे करायला अर्धा मिनिटही लागले नाही. मग ऐकले, आणि बाबा उगाच मध्ये घुसून गात आहेत असे वाटू लागले.

आईला फोनवर ऐकवले. ती थोडा वेळ गप्प होती. "मी मोजायला चुकले होते," ती म्हणाली. "बाऊन्स पुन्हा करू म्हटलं, तर हे म्हणाले, राहू दे, उद्या गाताना मी भरतो."

मी तो तुकडा काढून टाकला.

चार कॅसेटी झाल्या आहेत. पाचवीत फितीला ती वाचणाऱ्या हेडवर दाबून धरणारा फेल्टचा चौकोनी तुकडा गळून पडला आहे, त्यामुळे आवाज येतो आणि जातो. स्क्रूवाली एक कोरी कॅसेट मिळाली आहे. येत्या रविवारी दोन्ही उघडून जुनी फीत तिच्यात घालायची आहे. चाके बाहेर काढताना फीत सुटू नये म्हणून आत्या गुंडाळी धरून बसणार आहे. ती "अभंग ५" आहे, हे तिला सांगितलेले नाही.