सिग्नल नेमका कोठे डिजिटल करावा?

केबलवरून येणारे इंटरनेट बहुतेक ठिकाणी दोन माध्यमांतून प्रवास करते. हेडएंडपासून, म्हणजे केबल कंपनीच्या केंद्रापासून, वस्तीजवळच्या नोडपर्यंत (फायबर आणि केबल जोडणाऱ्या पेटीपर्यंत) फायबर असते आणि नोडपासून घरापर्यंत कोएक्सियल केबल. फायबर म्हटले की त्यातून डिजिटल सिग्नलच जात असणार असे आपण गृहीत धरतो, पण या जाळ्याच्या मूळ रचनेत तसे नसते. हेडएंडमध्ये डेटा आधी रेडिओ लहरींवर चढवला जातो आणि त्या लहरींच्या संपूर्ण वारंवारता-पट्ट्याच्या चढउतारांप्रमाणे लेसरच्या प्रकाशाची तीव्रता कमीजास्त केली जाते. डेटा शून्य-एकचा असला, तरी त्याला वाहून नेणारा प्रकाश ॲनालॉग असतो.

याची किंमत दर किलोमीटरला मोजावी लागते. नोडमधला फोटोडायोड प्रकाशाच्या शक्तीच्या प्रमाणात विद्युतप्रवाह देतो आणि विद्युतशक्ती त्या प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे बदलते. त्यामुळे प्रकाश १ डेसिबलने घटला, की रेडिओ सिग्नल २ डेसिबलने घटतो. त्यात लेसरचा स्वतःचा नॉइज (नको असलेला गोंगाट) आणि विरूपण मिसळते. लहरीवर बिट चढवण्याच्या २५६-क्वाम या पद्धतीला साधारण २७ डेसिबलचे सिग्नल-नॉइज गुणोत्तर पुरत होते, तोवर हे खपून जात होते. २०१३ मध्ये आलेल्या डॉक्सिस ३.१ या केबल-इंटरनेटच्या मानकातील ४०९६-क्वाम एका चिन्हात (लहरीच्या एका ठोक्यात) ८ ऐवजी १२ बिट बसवते, पण त्यासाठी सुमारे ४१ डेसिबल मागते. लांबच्या ॲनालॉग फायबरनंतर हा आकडा गाठणे फार अवघड जाते.

पहिला उपाय परतीच्या, म्हणजे घराकडून हेडएंडकडे येणाऱ्या, मार्गावर झाला. नोडमध्येच ५ ते ४२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचे सेकंदाला सुमारे १० कोटी नमुने घ्यायचे, प्रत्येक नमुना १० बिटांत लिहायचा आणि ते आकडे साध्या डिजिटल लेसरने हेडएंडला पाठवून तेथे पुन्हा लहर उभी करायची. नमुन्यातील प्रत्येक बिटामागे गुणोत्तरात साधारण ६ डेसिबलची भर पडते. शिवाय आकडे चुकल्याविना पोहोचले, की फायबर ५ किलोमीटरचे असो वा ५० किलोमीटरचे, गुणवत्ता तीच राहते. मला ही कल्पना आजही देखणी वाटते.

तरीही तिच्यात मोठी उधळपट्टी आहे. वरच्या हिशेबाने फायबरवर सेकंदाला १ गिगाबिटचा भार पडतो. त्या पट्ट्यात ६.४ मेगाहर्ट्झच्या ४ वाहिन्या ६४-क्वामवर चालत असतील, तर प्रत्यक्ष डेटा जेमतेम १२३ मेगाबिटचा असतो. बाकी सगळी क्षमता लहरीचा आकार, रिकाम्या जागा आणि नॉइज यांचे इमानाने वर्णन करण्यात खर्च होते. हीच पद्धत १२१८ मेगाहर्ट्झपर्यंतच्या, घराकडे जाणाऱ्या पट्ट्याला लावली, तर सेकंदाला २४० कोटींहून अधिक नमुने घ्यावे लागतील आणि १२ बिटांच्या हिशेबाने भार २९ गिगाबिटच्या पुढे जाईल.

म्हणून लहरीचे आकडे पाठवण्याऐवजी मूळ बिटच पाठवावेत आणि लहर नोडमध्ये तयार करावी, हा विचार मला अधिक पटतो. केबललॅब्स या केबल उद्योगाच्या संशोधन संस्थेने २०१५ मध्ये रिमोट फायची मानके प्रसिद्ध केली, ती याच विचारावर उभी आहेत. या रचनेत नोडपर्यंत इथरनेट जाते आणि मॉड्युलेशन व डिमॉड्युलेशन, म्हणजे बिट लहरीवर चढवणे आणि लहरीतून परत काढणे, नोडमध्येच होते. फायबरचा ॲनालॉग नॉइज हिशेबातून जातो, एकाच फायबरवर अनेक तरंगलांबी चालवणे सोपे होते आणि हेडएंडमधली जागा व वीजही वाचते.

त्याबदल्यात वेळेची शिस्त मात्र कडक पाळावी लागते. घरचे मॉडेम ठरलेल्या क्षणीच बोलतात. तो क्षण हेडएंडमधला नियोजक ठरवतो आणि त्यांचे बोलणे नोड ऐकतो. दोघांची घड्याळे जुळलेली नसतील, तर एकाचा डेटा दुसऱ्याच्या वेळेत घुसेल. त्यासाठी आयईईई १५८८ हा वेळ जुळवणारा प्रोटोकॉल वापरतात, आणि नोड बसवताना सर्वाधिक काळजी इथेच घ्यावी असे माझे मत आहे.

नोडच्या पुढची कोएक्सियल केबल मात्र जशी होती तशीच राहते. सैल कनेक्टरमधून किंवा तडकलेल्या आवरणातून शिरलेला बाहेरचा रेडिओ सिग्नल नोडकडे जातो, आणि परतीच्या मार्गावर तर एका नोडवरच्या सगळ्या घरांचा नॉइज एकत्र होतो. डॉक्सिस ३.१ मध्ये पट्ट्याच्या खराब भागापुरते कमी बिटांचे मॉड्युलेशन वापरता येते, त्यामुळे जोडणी टिकते. पण तेवढी क्षमता तो कनेक्टर कोणीतरी शोधून घट्ट करेपर्यंत गेलेलीच असते. डिजिटल नोडचा इथे एक उपयोग होतो: परतीच्या पट्ट्याचे चित्र नोडवरच टिपता येत असल्याने त्यात फायबरची भर नसते, आणि जे दिसते ते सारे कोएक्सियल बाजूचेच असते.