कॅमेऱ्यांचं मल्टिकास्ट: स्नूपिंग लावलं, क्वेरिअरचं काय?

कॅमेऱ्यांचं मल्टिकास्ट (एकच स्ट्रीम एकाच वेळी अनेकांना पाठवणं) लावताना मी कॅमेरे, रेकॉर्डर आणि बघणारे पीसी आधी एकाच वेगळ्या व्हीलॅनमध्ये (स्विचवर आखलेलं स्वतंत्र नेटवर्क) घेतो. आयजीएमपी स्नूपिंग, म्हणजे कोणत्या पोर्टला कोणता स्ट्रीम हवाय हे स्विचने ऐकून ठेवणं, बंद असेल तर स्विच मल्टिकास्ट त्या व्हीलॅनच्या प्रत्येक पोर्टवर सोडतो. 24 कॅमेरे, प्रत्येकी 4 एमबीपीएस, म्हणजे 96 एमबीपीएस. 100 एमबीपीएसचा पोर्ट तिथेच तुंबला.

सिस्कोच्या कॅटॅलिस्ट स्विचवर स्नूपिंग मुळातच चालू असतं. क्वेरिअर, म्हणजे ‘कोणाला कोणता स्ट्रीम हवाय?’ अशी क्वेरी ठरावीक वेळाने पाठवणारा, मात्र आपल्याला चालू करावा लागतो, आणि खरी गोम तिथेच आहे. क्वेरी येत नसेल तर पीसी सुरुवातीला एक-दोन रिपोर्ट (‘मला हा स्ट्रीम हवाय’ असे निरोप) पाठवून गप्प बसतो. स्विच त्याची नोंद ठरावीक वेळच ठेवतो: क्वेरीचं अंतर 125 सेकंद, त्याची दुप्पट, अधिक उत्तरासाठी 10, असे 260 सेकंद. मग नोंद पुसली जाते. चित्र छान सुरू होतं आणि सव्वाचार मिनिटांनी गोठतं, ते यामुळे. म्हणून चाचणी दहा मिनिटं तरी चालू ठेवायचीच. दोन मिनिटं चित्र दिसलं यावर काम संपलं असं मी धरत नाही.

क्वेरिअर मी कायम मुख्य स्विचवर ठेवतो. ज्या पोर्टवरून क्वेरी येते त्याला बाकीचे स्विच राउटरची दिशा समजतात आणि सगळे स्ट्रीम तिकडे ढकलतात, कोणी बघत असो वा नसो. टोकाचा छोटा स्विच क्वेरिअर झाला तर त्याची अपलिंक (मुख्य स्विचकडे जाणारी जोडणी) फुकट भरते. दोन दावेदार असतील तर लहान आयपी पत्त्याचा जिंकतो. म्हणून मुख्य स्विचला त्या व्हीलॅनमध्ये सगळ्यात लहान पत्ता, उदाहरणार्थ 192.168.20.1. पत्ताच दिलेला नसेल तर बऱ्याच स्विचवर क्वेरी निघत नाही.

ग्रुपचे, म्हणजे प्रत्येक मल्टिकास्ट स्ट्रीमचे, पत्ते 239 ने सुरू होणारे घ्या, पण 239.0.0 आणि 239.128.0 या मालिका टाळा. मॅक पत्त्यात (स्विच ज्यावरून पोर्ट ठरवतो तो पत्ता) आयपीचे शेवटचे 23 बिटच उतरतात, त्यामुळे हे पत्ते 224.0.0 च्या मालिकेशी जुळतात, आणि ती मालिका स्विच सगळीकडे पाठवतोच.

फास्ट लीव्ह (पीसीने स्ट्रीम सोडला की त्या पोर्टवर तो लगेच थांबवणं) फक्त एकच पीसी असलेल्या पोर्टवर. मागे दुसरा स्विच असेल तर एकाने चित्र बंद केलं की बाकीच्यांचंही जातं. पीसी आणि कॅमेऱ्यांच्या पोर्टवर पोर्टफास्टही (हा पोर्ट टोकाच्या उपकरणाचा आहे असं स्विचला सांगणं) लावावं. नाहीतर पीसी चालू-बंद झाला तरी स्पॅनिंग ट्रीमध्ये (स्विचमधले लूप टाळणारी यंत्रणा) बदल नोंदला जातो आणि बरेच स्विच थोडा वेळ मल्टिकास्ट सगळीकडे सोडतात.

शेवटी स्विचवरचा ग्रुपांचा तक्ता बघायचा. बघणाऱ्या पीसीचा पोर्ट त्यात नसेल तर स्विचला हात लावण्याआधी त्या पीसीवर वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारा प्रोग्राम) लावा आणि रिपोर्ट कुठून जातो ते बघा. वायफाय आणि केबल दोन्ही चालू असतील तर रिपोर्ट वायफायवरून जात असू शकतो.