तापीकाठावरून ४५४६बी ग्रहावर: सबनॉटिकाला निघालेल्यांसाठी

खान्देशात समुद्र नाही. आपली तापी सुरतेच्या पुढे जाऊन समुद्राला मिळते पण आपण काय तिच्या मागे तिथवर जात नाही, त्यामुळे मेमध्ये पारा ४५ च्या आसपास टेकला आणि दुपारी अंगणात पाय ठेवायची सोय राहिली नाही तेव्हा मी आणि माझा चोपड्याचा मावसभाऊ, दोघांनी मिळून कूलरसमोर बसून सबनॉटिका या कॉम्प्युटर गेमचा अख्खा समुद्र पालथा घातला. वरपासून पार लाव्हापर्यंत. आता मागून जाणाऱ्यांनी विचारलंय की काय काय लागतं, कुठून जायचं, तर हे लिहितोय. गोष्ट फोडणार नाही, बिनधास्त वाचा.

ज्यांना माहीतच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अनोन वर्ल्ड्सचा गेम आहे, जानेवारी २०१८ मध्ये पूर्ण स्वरूपात आला. ऑरोरा नावाचं अवाढव्य जहाज ४५४६बी नावाच्या पाण्यानं भरलेल्या ग्रहावर कोसळतं आणि तुम्ही लाइफपॉड ५ मधून (जहाजातून जीव वाचवून निघायची छोटी कुपी, पुढं नुसतं पॉड म्हणतो) बाहेर डोकं काढता तर चहूकडे पाणी आणि लांबवर जळणारं जहाज. बस्स. कोण काय करायचं ते नीट सांगत नाही. आणि बंदूक नाही! अमेरिकेत २०१२ ला सँडी हूकच्या शाळेत जो गोळीबार झाला त्यानंतर या गेमचा दिग्दर्शक चार्ली क्लीव्हलंडनं ठरवूनच बंदुका ठेवल्या नाहीत. एक सुरी मिळते, आणि पुढं एक स्टेसिस रायफल मिळते पण ती मारत नाही, समोरचं जनावर थोडा वेळ जागच्या जागी थांबवते. म्हणजे इथं भांडून जिंकायचं नसतं, जाऊन परत यायचं असतं. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मा गेम सोपा.

निघण्याआधी. हार्ड डिस्कवर २० जीबी मोकळी करून ठेवा, साधं ग्राफिक्स कार्ड असलं तरी सेटिंग खाली करून चालतो, फक्त उन्हाळ्यात लॅपटॉपच्या खाली काहीतरी टेकू देऊन हवा खेळू द्या नाहीतर तो तापून स्वतःच बंद पडतो. आणि हेडफोन पाहिजेच पाहिजे. कूलरच्या घरघरीत स्पीकरवर खेळणं म्हणजे अर्धा गेम सोडून देणं आहे कारण इथं धोका दिसायच्या आधी ऐकू येतो. दुसरं, सर्वात महत्त्वाचं, या गेममध्ये आपोआप सेव्ह होत नाही. मेन्यू उघडून स्वतः करावं लागतं. आपल्याकडे लाईट कधी जाईल त्याचा काही नेम आहे का, त्यात लॅपटॉपची बॅटरी मेलेली असली किंवा डेस्कटॉप असला की दोन तासांची कमाई गेली पाण्यात. प्रत्येक वेळी पॉडमध्ये किंवा बेसमध्ये (म्हणजे पाण्याखाली आपण बांधलेलं घर) शिरलं की आधी सेव्ह, मग पाणी प्यायचं, अशी सवयच लावून घ्या. मोड निवडताना पहिल्यांदा जाणाऱ्यांनी सरळ सर्व्हायव्हल घ्या. भूक-तहानेची कटकट नको असेल तर फ्रीडम. हार्डकोअरमध्ये एकदा मेलं की संपलं, तिकडे पहिल्या फेरीत फिरकू पण नका.

सुरुवात होते ती उथळ पाण्यात, सेफ शॅलोज म्हणतात त्याला. छान रंगीबेरंगी आहे, ऊन खालपर्यंत पोचतं, इथं घाई करू नका. पहिलं काम पाण्याचं. ब्लॅडरफिश म्हणून एक जांभळट गुलाबी फुग्यासारखा मासा असतो तो हातानं पकडायचा आणि पॉडमधल्या फॅब्रिकेटरमध्ये, म्हणजे वस्तू बनवायच्या यंत्रात, टाकायचा, फॅब्रिकेटरचे दोन हात बाहेर येतात, निळ्या रेषा फिरतात आणि माशाच्या जागी पाण्याची बाटली! मावसभाऊ पहिल्यांदा बघून म्हणे, "दादा, हे आपल्या गावात एक बसवा ना, टँकरची वाट तरी बघायला नको." पण मासे पकडत बसण्यापेक्षा मीठ आणि कोरल ट्यूबचा तुकडा गोळा करा, त्याचं ब्लीच होतं आणि ब्लीचपासून जास्त पाणी मिळतं. कोरलचा तुकडा काढायला सुरी लागते. शिजवलेला मासा लवकर खराब होतो, मीठ लावलेला टिकतो पण तो खाल्ला की तहान वाढते, म्हणून लांबच्या फेरीला मीठ लावलेला मासा घेतला तर पाणी पण जास्त घ्या.

वस्तू बनवायचा क्रम मी सांगतो तसा ठेवा. आधी स्कॅनर, मोडक्या यंत्रांचे तुकडे त्यानं तपासले की ती यंत्रं बनवता येतात (एक बॅटरी, एक टायटॅनियम; बॅटरीला दोन ॲसिड मशरूम आणि तांबं). मग ऑक्सिजनची टाकी, तिला फक्त तीन टायटॅनियम. लाइमस्टोनचे दगड फोडले की टायटॅनियम आणि तांबं निघतं, आणि जहाजाचं भंगार उचललं तर एका भंगाराचे चार टायटॅनियम. मग सुरी, पायाला लावायचे पोहण्याचे पंख आणि रिपेअर टूल. यासाठी सिलिकॉन रबर लागतं आणि ते पिवळ्या चमकणाऱ्या क्रीपवाइनच्या बियांपासून बनतं, म्हणजे वेलींच्या जंगलात जाणं आलं, तिथं लांब तोंडाचे स्टॉकर फिरतात, चावतात पण घाबरायचं काम नाही, बिया तोडा आणि निघा. रिपेअर टूलला गंधक पण लागतं आणि ते गुहेतल्या ज्या झाडात असतं त्यातून क्रॅशफिश बाहेर येऊन अंगावर फुटतो, त्याला बाहेर येऊ द्या, मागं सरका, फुटू द्या, मग गंधक उचला. रिपेअर टूल झालं की पॉडमधला रेडिओ दुरुस्त करा. पुढं कुठं जायचं ते बरंचसं हा रेडिओच सांगतो, त्याचे मेसेज टाळू नका.

आता खरी गोष्ट, श्वास. टाकी नसताना ४५ सेकंद. साधी टाकी लावली की ७५. त्याच्या पुढची मोठी टाकी लावली की १३५. वाचायला बरं वाटतं पण १०० मीटरच्या खाली गेलं की ऑक्सिजन जास्त वेगानं संपतो, २०० च्या खाली अजून, म्हणून रीब्रीदर नावाचा मास्क मिळेपर्यंत टाकीवरच्या आकड्यावर भरवसा ठेवायचा नाही. माझा हिशोब साधा होता, श्वासाचे तीन भाग करायचे, एक जायला, एक बघायला, एक यायला, आणि यायचा भाग आधीच बाजूला काढून ठेवायचा, त्याला हातच लावायचा नाही. गेम ३० सेकंद राहिले की सांगतो, पण बुडालेल्या जहाजाच्या आत तुम्ही असाल तर ३० सेकंद म्हणजे काहीच नाही. ती मोडकी जहाजं आतून भूलभुलैया आहेत, टॉर्च लावून एका खोलीतून दुसरीत, खाली भोक, वर भोक, गढूळ पाणी, मशीनचे तुकडे स्कॅन करायच्या नादात वळलं की सगळे दरवाजे सारखेच दिसतात. तिथं पाथफाइंडर टूल न्या, ते मागे चकत्या सोडत जातं आणि परत यायचा रस्ता दाखवतं. आणि एअर ब्लॅडर नावाची एक स्वस्तातली वस्तू आहे जिला बहुतेक जण हसतात, ती फुगवली की तुम्हाला सपाट्यानं वर ओढते, विहिरीत पोहायला शिकताना पाठीला वाळका भोपळा बांधतात ना तोच प्रकार. एक खिशात असू द्याच.

खोली मीटरमध्ये दाखवतात, आपल्याला बोअरच्या फुटांची सवय, म्हणून आम्ही वहीत फुटातच लिहायचो. सीमॉथ ही छोटी पाणबुडी २०० मीटरपर्यंत जाते म्हणजे साडेसहाशे फूट, त्याच्या खाली गेली तर दाबानं चेपते. यावल-रावेरकडच्या केळीवाल्यांना साडेसहाशे फूट म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. प्रॉन सूट, म्हणजे आत बसून चालवायचा यंत्रमानव, सुरुवातीलाच ९०० मीटर जातो, जवळजवळ तीन हजार फूट!

नकाशा नाही. गेममध्ये नकाशा नावाची गोष्टच नाही हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मग कंपास बनवा आणि बीकन (लांबून दिसणारी खुणेची वस्तू) बनवा, एक तांबं एक टायटॅनियम, अगदी फुकटात पडतं, आणि प्रत्येक महत्त्वाच्या जागेवर एक सोडा. बीकनला नाव देता येतं. आम्ही आपली रेल्वे लाईन टाकली, घर म्हणजे भुसावळ, तिथून एका दिशेला सावदा, रावेर, बऱ्हाणपूर, शेवटी खंडवा. गंमत म्हणून केलं पण कामाला आलं कारण नाव वाचलं की घर किती लांब ते लगेच कळायचं. मावसभाऊ ओरडायचा, "दादा बऱ्हाणपूरच्या पुढे चाललो, बॅटरी घेतली का?" इंटरनेटवरचे नकाशे उघडू नका असं माझं मत आहे. समुद्र सगळ्यांना तोच असतो, हातानं रचलेला आहे, एकदा नकाशा बघितला की दुसऱ्यांदा पहिल्यासारखं जाता येत नाही. अगदीच अडकलात तर वस्तूचं नाव टाकून तेवढंच शोधा.

ऑरोराकडे जाताना. काही वेळानं जहाजाचा स्फोट होतो, गेम आधी सांगतो, लांबून बघा, बघण्यासारखा आहे. त्यानंतर भोवतालच्या पाण्यात रेडिएशन पसरतं, त्याचा सूट शिवायला दोन फायबर मेश आणि दोन शिसं, शिसं सँडस्टोनच्या दगडात मिळतं. आत जाताना आग विझवायचं यंत्र, रिपेअर टूल, लेझर कटर, प्रोपल्शन कॅनन (जड वस्तू उचलून फेकायचं यंत्र), औषधाच्या दोन-तीन पेट्या आणि खायला-प्यायला. मागे इंजिनांच्या बाजूनं जायचंच नाही, समोरच्या फुटक्या भागाकडे पाण्याच्या वरच्या थरातून सरळ जा आणि शिरा. कारण मागच्या बाजूला रीपर लेव्हायथन नावाचं अवाढव्य शिकारी जनावर आहे. त्याची डरकाळी आधी लांबून येते, पाण्यात दिशा कळत नाही. मावसभाऊ कंट्रोलर धरून होता, मान इकडं तिकडं फिरवत म्हणाला, "आवाज कुठून येऊन राह्यला भो?" आणि धुक्यातून चार टोकदार नांग्या बाहेर आल्या आणि सीमॉथ धरून हलवायला लागल्या. मावशी स्वयंपाकघरातून पळत आली, काय झालं म्हणून! त्या गेममधल्या माहितीतच लिहिलंय की ही डरकाळी त्याचं सोनार आहे, म्हणजे तुम्हाला ऐकू आली तर त्याला तुम्ही दिसलात. उपाय एकच, सीमॉथला पेरिमीटर डिफेन्स लावा, त्याच्या शॉकनं तो सोडतो, आणि सोडला की मागं न बघता निघा.

बेस बांधायचा तर उथळ पाणी आणि गवताळ पठार यांच्या हद्दीवर बांधा, दोन्हीकडचा माल जवळ पडतो आणि सोलर पॅनल पण चालतात. खोल गेलं की सोलरचा उपयोग नाही, मग बायोरिॲक्टर (मासे-झाडपाला टाकून वीज करणारं यंत्र) किंवा गरम पाण्याच्या झऱ्याजवळ थर्मल प्लांट. (आपल्या उनपदेवला पण गरम झरा आहे, तिथं असं काही लावलं असतं तर अडावदला तरी लाईट गेली नसती, असो.) काचेच्या गॅलऱ्या सुंदर दिसतात पण प्रत्येक काचेनं बेसची मजबुती कमी होते, आकडा शून्याच्या खाली गेला की भिंती फुटून पाणी आत येतं. फाउंडेशन आधी टाका मग हौस करा. तरंगतं बेट सापडलं की तिथून मार्बलमेलन आणा आणि बेसमध्ये लावा, भूक आणि तहान दोन्ही भागतं, मग मासे पकडायचा धंदा बंद.

खालचा प्रवास, लॉस्ट रिव्हर आणि त्याखालचा लाव्हा, याचं वर्णन मुद्दाम करत नाही. हिरवट पाण्याची नदी समुद्राच्या तळाखाली वाहते आणि पुढं एवढी मोठी हाडं दिसतात की आपण तोंड उघडं टाकून बघत राहतो. सायक्लॉप्स ही मोठी पाणबुडी ५४ मीटर लांब आहे, आतमध्ये कपाटं, फॅब्रिकेटर, पलंग काय हवं ते ठेवा, आणि तिच्या पोटात प्रॉन सूट बसतो. ती नदीतल्या मोठ्या झाडाच्या गुहेत उभी करा, तिथून पुढं प्रॉन सूटनं जा, अरुंद जागेत सायक्लॉप्स घुसवण्यात काही अर्थ नाही, खरचटत जाते आणि फार वेळ पूर्ण वेगात पळवली तर इंजिनाला आग लागते. प्रॉनला ग्रॅपल (दोर फेकून पकडणारा) आणि ड्रिल (दगड फोडणारा) दोन्ही हात बसवा. लाव्हाच्या तळापर्यंत जायचं तर खोलीचे दोन्ही मॉड्यूल लागतात, पहिल्यानं १३०० मीटर, दुसऱ्यानं १७००. पॉवर सेल जास्तीचे घ्या, जेवढे वाटतात त्याच्या दुप्पट.

भाषा इंग्रजी आहे पण सबटायटल लावले की लहान मुलंही सांभाळून घेतात, वर्णनं वाचायला मात्र कुणीतरी सोबत बसा कारण गोष्ट त्यातच लपवलीय. अगदी लहान मुलाला द्यायचं असेल तर क्रिएटिव्ह मोड द्या, पण तिथं पण रीपर असतोच, फक्त तो मारत नाही, हे आधी सांगून ठेवा. स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानाच्या सेलमध्ये बऱ्यापैकी स्वस्त मिळतो, सेलची वाट बघा. आणि बिलो झीरो हा दुसरा भाग २०२१ मध्ये आलाय, त्यात थंडी आहे, जमीन जास्त आहे, पण पहिला संपवल्याशिवाय तो घेऊ नका, पहिल्या भागातली भीती त्यात तेवढी नाही. कुणाला क्रीपवाइनच्या जंगलानंतर नेमकं कुठं अडकलंय ते कळत नसेल तर खोली, दिशा आणि जवळ काय दिसतंय एवढं लिहा, तेवढ्यावरून मी सांगेन.